गच्चीवरचं बोरन्हाण

आमच्या लेकीनं आयुष्याचं पहिलं वर्ष बहुतेक जमिनीपासून दीड हात उंचीवर काढलं. म्हणजे पलंगावर. तिथेच ती जेवायची, तिथेच खेळायची, तिथेच रुसायची. पलंगावरून उतरली की कुणाच्या तरी कडेवर, आणि कडेवरून उतरली की पुन्हा पलंगावर. यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटत नव्हतं. उलट आपण मुलीला फार जपतो, असा आम्हा दोघांचा समज होता, आणि मी तर तो चारचौघांत मिरवतही असे.

नव्वदचं दशक होतं. नवरा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला. सरकारी क्वार्टरचा नंबर काही लागेना, म्हणून यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या हद्दीत नव्यानं उभ्या राहिलेल्या एका सोसायटीत आम्ही चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. साताऱ्याला घरच्यांना सांगताना मात्र दिल्लीत घर घेतलं असंच सांगायचो. मुलगी डिसेंबरात माझ्या माहेरी जन्मली, आठ महिन्यांची होईपर्यंत तिथे या मांडीवरून त्या मांडीवर फिरत राहिली, आणि ऑगस्टमध्ये मी तिला घेऊन या नव्या घरात आले.

घर म्हणायचं, पण चावी हातात आली होती एवढंच. जिन्याला कठडा बसायचा होता. बाल्कनीचे गज इतके लांब लांब की मधून मांजर ऐटीत गेलं असतं. खाली उतरावं तर वाळूचे ढीग, गंजक्या सळया आणि कशासाठी खणलेत ते कुणालाच ठाऊक नसलेले खड्डे. घरात सुतार बसलेले. तेव्हा नव्या घरात गेलेला जो तो भिंतभर कपाट करून घेत होता आणि कपाटाच्या मधोमध रंगीत टीव्हीसाठी कोनाडा. आमचंही कपाट दिवाळीपर्यंत चाललं. जमिनीवर पाहावं तिथे खिळे, भुसा, फेव्हिकॉलचे वाळलेले ओघळ. अशा जमिनीवर रांगतं मूल कोण सोडेल? मी तिला पलंगाच्या मधोमध बसवायची, चारी बाजूंनी उशा आणि तक्क्यांचा कोट करायची आणि निर्धास्तपणे पोळ्या लाटायला जायची.

सुतार गेले आणि थंडी आली. आता, साताऱ्याच्या माणसाला थंडी माहीत नाही असं नाही. पण दिल्लीच्या थंडीविषयी आमच्याकडे इतकं काही ऐकवलं जातं की इथे येणारा प्रत्येक मराठी माणूस ऑक्टोबर लागला की युद्धाच्या तयारीला लागतो. नवरा त्यात सगळ्यांच्या पुढे. खिडक्यांच्या फटीजवळ ओलं बोट धरून तो वारा शोधायचा आणि सापडला की तिथे वर्तमानपत्राच्या घड्या कोंबायचा. अर्थव्यवस्था खुली झाल्याच्या बातम्या आमच्या खिडक्या बंद करायच्या कामी आल्या, असं मी एकदा म्हटलं तर त्याला ते फारसं आवडलं नाही.

सासूबाईंना आम्ही दर रविवारी फोन करायचो. घरी फोन यायला अजून अवकाश होता, त्यामुळे सोसायटीच्या गेटाबाहेरच्या एसटीडी बूथवर जायचं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, पोरीला काय घातलंय? मी सांगायची: आत बनियन, त्यावर फ्लॅनेलचं झबलं, त्यावर बंद गळ्याचं स्वेटर, त्यावर पुढे बटणांचं, खाली लोकरीची विजार, पायमोजे, हातमोजे, कानटोपी. त्या थोडा वेळ विचार करायच्या आणि आणखी एक विणून पाठवते म्हणायच्या. कुणी ना कुणी मराठी माणूस दिल्लीला येतच असे, त्याच्यासोबत ते यायचंही. मला सासूबाईंचं कौतुक वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही यायचा. त्यांना पाचशे कोसांवरून आमच्या खोलीतली थंडी माझ्यापेक्षा जास्त कळते की काय, असं वाटायचं. पण स्वेटर आलं की मी ते मुकाट्यानं चढवायची, कारण न चढवावं आणि नेमकी सर्दी व्हावी, हे मला परवडणारं नव्हतं.

एवढं घातल्यावर मुलीचे हात अंगापासून लांब, हवेत उभे राहायचे. कोपरं वाकायची नाहीत. ती पलंगावर बसायची ती जणू कुणी तिथे रचून ठेवल्यासारखी, आणि बसल्या जागेवरून राज्य करायची. बोलायला मात्र लवकर लागली. "दे," "नको," "पंखा," आणि समोरच्या फ्लॅटमधून ऐकलेलं "चलो." चलो म्हणून ती कुठेच जायची नाही, आम्हीच जायचो.

तिच्या डोक्याची काळजी मात्र आम्ही फार मनावर घेतली होती. केबल नुकतीच आली होती आणि टीव्हीवर सतत कुठली ना कुठली हुशार मुलं दूध पिताना दिसायची. नवरा एकदा ऑफिसातून परस्पर करोल बागेत गेला आणि दुधात घालायच्या पावडरीचा एक चकचकीत डबा, रंगीत ठोकळे आणि जाड पुठ्ठ्यांच्या चित्रांचा गठ्ठा घेऊन आला. मेंदू काय तो पहिल्या दोन-तीन वर्षांतच घडतो, असं त्याला ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. मग रोज संध्याकाळी मोजे काढून पलंगावर मांडी ठोकून तो तिला चित्रं दाखवायचा. हत्ती कुठे, विमान कुठे, जहाज कुठे. ती हातमोज्यातल्या हातानं बरोबर चित्रावर थाप मारायची. जहाज ओळखणारी आमची लेक स्वयंपाकघराची जमीन कशी लागते हे जाणत नव्हती, पण हे तेव्हा आम्हाला कुठे सुचतंय!

समोरच्या फ्लॅटमध्ये एक पंजाबी कुटुंब होतं. त्यांच्याकडच्या आजीला सगळे बीजी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो. त्यांचा नातू आमच्या मुलीहून महिन्याभरानं लहान. बीजी रोज दुपारी त्याला गच्चीवर नेऊन, उघडा करून, मोहरीच्या तेलानं रगडायच्या आणि तसाच चटईवर सोडून द्यायच्या. त्या पोराचे गुडघे कायम काळे. दिवाळीनंतर तो रांगत गच्चीभर फिरू लागला आणि नाताळाच्या सुमारास पाण्याच्या टाकीला धरून उभा राहिला. मी मुलीला कडेवर घेऊन, शालीत गुंडाळून, कपडे वाळत घालायला जायची. बीजी एकदा तिच्याकडे बघत म्हणाल्या, "बेटा, यह बच्ची है कि रज़ाई?"

मला हसू आलं आणि नाकाला मिरच्याही झोंबल्या. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की त्या पोराला बघा एक दिवस न्यूमोनिया होणार आहे. त्याला काही झालं नाही. रोज दुपारी कपडे वाळत घालताना मी त्याला बघत राहिले आणि हळूहळू माझ्या जिवाला घोर लागला. आमची मुलगी वर्षाची झाली. ती रांगत नव्हती. धरून उभी राहत नव्हती. हात धरून उभी केली तर पाय दुमडून घ्यायची आणि घाबरून रडायची.

डॉक्टरांकडे गेलो. बाजारातल्या पहिल्या मजल्यावर बसणारे, वयस्कर, कमी बोलणारे डॉक्टर होते. त्यांनी आधी मुलीला तपासायला कपडे काढायला सांगितले. मी एक एक थर उतरवत गेले आणि ते चष्मा पुसत थांबले. वजन चांगलं होतं, उंची चांगली होती, डोक्याचा घेर टेपनं मोजला तोही ठीक होता. पायांना हातोडीनं टिचकी मारून बघितली. मग म्हणाले की मला यात काही वाईट दिसत नाही, पण हिला जमीन द्या, ऊन द्या, अंगावरचं ओझं कमी करा. मुलाचं डोकं हातापायांनीच चालायला लागतं. वस्तू किती लांब आहे, ती कशी धरायची, पडलं की काय होतं, हे चित्रात कळत नाही. आणि होळीपर्यंत हिनं काहीच हालचाल केली नाही, तर मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ, असं त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं.

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मेंदूचे डॉक्टर एवढंच डोक्यात फिरत राहिलं.  परतताना रिक्षात मुलगी मध्ये बसून रस्त्यावरच्या म्हशी दाखवत होती आणि आम्ही दोघंही नुसते हो हो करत होतो.

आता कुणी म्हणेल, मग तुम्ही दुसऱ्याच दिवशी तिला खाली सोडलं असेल. नाही सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं त्याच आठवड्यात धुकं पडलं. ते असं की बाल्कनीतून समोरची इमारत दिसेना. सूर्य रजेवर. अशात उघडं करायचं? नवरा म्हणाला, जरा थंडी ओसरू दे. मीही म्हटलं, बरं. मोझेकच्या जमिनीला हात लावला तर बर्फ. एकदा सतरंजीवर गोधडी, गोधडीवर ब्लँकेट असं करून तिला खाली बसवून बघितली. तिनं चारी दिशांना पाहिलं, उशांचा कोट दिसेना, आणि ओठ काढले. मी झटकन उचलली. रविवारच्या फोनवर सासूबाईंनी विचारलं, रांगते का गं? मी म्हटलं, रांगेल की, काय घाई आहे.  मग त्या म्हणाल्या की यंदा बोरन्हाण चुकवू नका, मागच्या वर्षी ती बाळंतिणीच्या खोलीत होती, राहून गेलं.

बोरन्हाणाचं आमच्या भागातल्या काकूंनी मनावर घेतलं. काकू म्हणजे यमुनेपलीकडे राहणाऱ्या पाच-सहा मराठी घरांच्या सर्वेसर्वा. निम्मं आयुष्य दिल्लीच्या सरकारी कॉलन्यांत काढलेल्या, हळदीकुंकू असो की बारसं, पदर खोचून हजर. हलव्याचे दागिने त्या स्वतः करत. काळ्या झबल्यासाठी कापड आणायला त्या मला करोल बागेत घेऊन गेल्या. दुकानदारानं कुणासाठी हवंय विचारलं, आणि लहान मुलीसाठी म्हटल्यावर कापडाचा तागा तसाच हातात धरून आमच्याकडे पाहत राहिला. बच्ची को काला कौन पहनाता है, असं त्याला वाटत होतं. काकूंनी त्याला संक्रांत, थंडी आणि काळा रंग यांचा संबंध इतका सविस्तर समजावला की शेवटी त्यानं घाईघाईनं कापड फाडून दिलं.

संक्रांतीला धुकं होतंच. रथसप्तमीपर्यंत करता येतं, म्हणून आम्ही थांबलो आणि एका सुट्टीच्या दिवशी लख्ख ऊन पडलं. गच्चीवर सतरंजी, त्यावर गादी, बाया, त्यांची मुलं, आणि काय चाललंय ते बघायला आलेल्या बीजी नातवासकट. बोरं मिळाली होती ती हरियाणाकडची, लिंबाएवढी टपोरी. नवऱ्याला काळजी की डोक्यावर पडली तर लागेल. मला वेगळीच काळजी. मी टोपलीतून शेंगदाणे वेचून काढले, हरभरे काढले, हलवा काढला, गोळ्या काढल्या. जे जे म्हणून मुलाच्या घशात अडकेल ते सगळं बाजूला केलं. हे मात्र आजही कुणी करायला सांगितलं तर मी करीन. काकूंनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या की चुरमुऱ्यांनीच न्हाऊ घालायचं होतं तर मला बोलावलंत कशाला. बीजींनी मात्र मान डोलावली आणि आपल्या नातवाच्या मुठीतला एक शेंगदाणा काढून माझ्या वाटीत टाकला.

मग झबलं घालायची वेळ आली आणि ते मुलीला होईना. काकूंनी ते मुलीच्या अंगाच्या मापानं शिवलं होतं, आमच्या स्वेटरांच्या मापानं नाही. मी वरचं एक स्वेटर काढलं. झबलं गळ्यातच अडकलं. दुसरं काढलं, तरी हात बाहीत जाईना. सगळ्या बाया थांबलेल्या. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्यानं आभाळाकडे पाहिलं. शेवटी काकूंनीच पुढे होऊन विजारीपासून मोज्यांपर्यंत सगळं उतरवलं आणि नुसत्या सुती झबल्यात तिला गादीवर बसवली. हलव्याचा मुकुट घातला, हार घातला. शेजारी काढलेल्या कपड्यांचा ढीग तिच्याहून उंच झाला होता.

ती तिथे बसली आणि आपल्या हाताकडे बघत राहिली. कोपर वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं. पायाची बोटं गादीवर घासून बघितली. मला भीती वाटत होती की आता रडेल, पण ती रडली नाही. ऊन होतंच, चांगलं खरपूस ऊन.

काकूंनी आधी हार आणि मुकुट उतरवून ठेवले, औक्षण झालं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या डोक्यावरून चुरमुरे आणि बोरं ओतली. पोरं तुटून पडली. बीजींचा नातूही गर्दीत घुसला. त्या गोंधळात एक मोठं बोर गादीवरून उतरलं आणि गच्चीच्या उताराला लागून टाकीच्या दिशेनं गडगडत निघालं. आमच्या मुलीनं ते पाहिलं. नेहमीसारखं बोट दाखवून ती म्हणाली, "दे."

कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळ्या आपापल्या पोरांच्या तोंडात काय जातंय ते बघत होत्या. माझं होतं, पण मी दोन बायांच्या मागे होते. ती पुन्हा म्हणाली, "दे." कुणी दिलं नाही. मग ती पुढे झुकली, इतकी की आता तोंडावर आपटणार असं मला वाटलं. तिचे तळहात गादीवर टेकले. एक गुडघा पुढे आला. मग गादी संपली आणि तिचा हात गच्चीच्या खरखरीत सिमेंटवर पडला. तिनं तो उचलून बघितला, झटकला आणि परत ठेवला.

आता सगळ्यांना दिसलं. नवरा धावला. एक वहिनी धावल्या, गार लागेल, लागेल तिला, म्हणत. माझेही हात पुढे झाले होते, ते मला अजून आठवतात. पण ती पुढे सरकत होती. एकदा डावीकडे कलंडली, सावरली, पुन्हा निघाली. तिला कुणाचीही गरज नव्हती हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"थांबा," मी म्हटलं. माझा आवाज बराच चढला असावा, कारण नवरा जागच्या जागी थबकला. "तिला कुणी उचलू नका."

कुणी उचललं नाही.  बीजी हळू आवाजात जाने दो, जाने दो म्हणत होत्या. ती टाकीपाशी पोचली, बोर दोन्ही हातांत धरून बसली आणि आमच्याकडे वळून बघू लागली. नवरा टाकीजवळ जाऊन उकिडवा बसला होता, हात लावायचा नाही म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधून. सरकारी नोकरीत त्याला इतक्या शिस्तीत मी कधी पाहिला नव्हता. ते बोर लिंबाएवढं असल्यामुळे तिच्या तोंडात जाणार नव्हतं, ती ते नुसतं चाटत होती. मी तिथेच सतरंजीवर बसले आणि भरपूर रडले. काकूंनी मला चुरमुऱ्यांची मूठ दिली, जणू त्यानं रडू थांबतं. खरं तर थांबलंही.

घरी आणून तिचं अंग पुसताना मी पाहिलं तर गुडघे सोलवटले होते. सिमेंटनं काम केलं होतं. आयुष्यातली तिची पहिली जखम. मी पाण्यानं धुतलं, जंतुनाशक लावलं, ती कळवळली. लावून होताच पलंगावरून खाली बोट दाखवून म्हणाली, "चलो." नवऱ्यानं सतरंजी अंथरली, जिन्याकडच्या दाराला आतून वरची कडी घातली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट आडवा लावला आणि तिला खाली सोडली. त्या दिवसापासून आम्हाला घरात एक क्षण टेकायला मिळाला नाही, आणि त्याबद्दल आमची काहीही तक्रार नव्हती.

रविवार यायला वेळ होता, पण मला थांबवेना. संध्याकाळी मुलीला नवऱ्याकडे सोपवून मी एकटीच बूथवर गेले. सासूबाईंनी फोन उचलला आणि अवेळी फोन म्हणून आधी घाबरल्या. काय झालं, बरी आहे ना पोर? मी म्हटलं, बरी आहे आई, बोरन्हाण छान झालं, फक्त तिला जरा लागलंय. कुठे लागलं? गुडघ्याला, मी म्हटलं, खरचटलंय. कुठल्या गुडघ्याला?

"दोन्ही," मी म्हटलं.

  बूथवाला काचेबाहेरून माझ्याकडे बघत होता. मग सासूबाईंचा आवाज आला, अगदी बारीक.

"दोन्ही गुडघे? म्हणजे रांगली."

"हो आई. रांगली."

त्यांनी रिसीव्हर तसाच खाली ठेवला असावा, कारण आवाज लांबून यायला लागला. माजघरातून परसदारी जात त्या सासऱ्यांना हाका मारत होत्या. अहो, ऐकलंत का, अहो, रांगली हो आपली पोर, म्हणत होत्या, आणि मोठमोठ्यानं रडत होत्या. फोन कानाला लावून मी ते ऐकत तशीच उभी राहिले.